पोटदुखीचं सोंग

अपेक्षाचं पोट अजिबात दुखत नव्हतं. तरी ती मेडिकल कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर बसून अशी कण्हत होती, की शेजारच्या म्हातारीनं आपली पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली.

नाटकाचा कोर्स करणाऱ्या पोरीला हे काम झकास होतं. पेशंटशी बोलायचं कसं, हे राहत मॅडम डॉक्टरांना शिकवायच्या, आणि सरावाला त्यांना खोटे पेशंट लागायचे. दुखणं खोटं, रडणं खोटं, शेवटी पेशंटनं फॉर्मवर द्यायचे मार्क तेवढे खरे. वर्गाला पंधरा मिनिटं होती, म्हणून बाईसाहेबांची तालीम चालली होती.

"ताई, काय होतंय?"

समोर पांढरा कोट. उंच, सावळा, झोप न झालेले डोळे... आणि त्या डोळ्यांत खरीखुरी काळजी. अपेक्षानं सोंग सोडायला हवं होतं. पण वात्रटपणा अंगातच, त्याला कोण काय करणार?

"लई दुखतंय हो डॉक्टर..."

तो चक्क तिच्यापुढं उकिडवा बसला. "कधीपासून? निवांत सांगा, मला घाई नाय. सकाळपासून खाल्लं का काही?"

"पोहे."

"बसवतंय का, का आडवं व्हायचंय?" आणि उत्तराची वाट न बघता तो ओरडला, "मावशी, व्हीलचेअर आणा!"

"अहो थांबा, थांबा! मी खोटी आहे!"

"म्हणजे?"

"खोटी पेशंट. राहत मॅडमच्या वर्गाची."

त्याचे कान लालेलाल झाले. "मी... त्याच वर्गाला आलोय," तो म्हणाला.

आणि वर्गात काय गंमत! तोच हा डॉक्टर शिवराज, अपेक्षाच्या हातातला फॉर्म बघून शाळेतल्या भाषणाला उभा राहिल्यासारखा ताठ झाला. "आपणांस ही वेदना किती काळापासून होत आहे?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. अपेक्षाला मात्र हसू येईना.

मधल्या सुट्टीत तिला कळलं ते असं. शिवराज शेंद्र्याचा, घराण्यातला पहिला डॉक्टर. डॉक्टर धड बोलत नाहीत, अशी कुणा पेशंटच्या नातेवाइकानं तक्रार केली होती. शनिवारी मॅडमच्या परीक्षेत पास झाला तर ठीक, नाहीतर वॉर्ड बंद आणि वर्ष वाया.

"धड बोलत नाही म्हणे!" अपेक्षाला त्या न बघितलेल्या नातेवाइकाचाच राग आला. "व्हरांड्यात तर किती छान बोलत होतात."

"तिथं कुणी मार्क देत नव्हतं."

"आणि मला ताई म्हणालात, त्याचं काय?"

शिवराज गडबडला. "ते... ते मागं घेतो," तो म्हणाला.

मग रोज संध्याकाळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर सराव. ती कधी खुलताबादची खोकणारी आजी व्हायची, कधी कुणाचंच न ऐकणारा पाटील. दोन दिवसांत अहो-जाहो कुठल्या कुठं गेलं. गुरुवारी भुरभुर लागली, तसे दोघं टपरीच्या पत्र्याखाली अंग चोरून उभे राहिले.

"डॉक्टर, पेशंटकडं बघायचं असतं."

"बघतोय की."

"असं नाही काही!" ती म्हणाली आणि घाईघाईत अर्धा चहा टाकून निघाली. घरी पोचेपर्यंत गाल गरम होते. आवडला होता तो तिला, झालं! आता स्वतःशी तरी कशाला लपवायचं?

शनिवारी दारावर यादी लागली. शिवराजच्या नावापुढं खोटी पेशंट म्हणून अपेक्षा.

परीक्षेत ओळखीचा पेशंट चालायचा नाही, हा मॅडमचा पहिला नियम. कुणाला कळणार होतं म्हणा! भरभरून मार्क द्यायचे, विषय संपला. पण मग उद्या वॉर्डात उभं राहिल्यावर त्याला वाटेल, मी आपला तिच्या कृपेनं पास झालो. त्याचा स्वतःवर भरवसा कधी बसायचा? आणि खरं सांगावं तर... समजा तो नापासच झाला तर?

ती तडक मॅडमकडं गेली.

"मॅडम, शिवराजचे मार्क मी नाही देऊ शकत. मी ओळखते त्याला."

"ओळख म्हणजे किती?"

उत्तर द्यायला तिनं मान वर केली, तर शिवराज दारातच उभा! आता माघार कुठली?

"इतकी, की तो भिंतीशी बोलला तरी मी त्याला पास करीन."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "फारूखचाचांना बोलवा," त्या म्हणाल्या.

शिवराजच्या तोंडावर बारा वाजले. फारूखचाचा म्हणजे एसटीचे रिटायर कंडक्टर आणि मॅडमचे सगळ्यात खडूस पेशंट. सकाळपासून तीन डॉक्टर त्यांनी नापास करून घरी पाठवले होते.

बारा मिनिटं अपेक्षा बाहेर बाकावर बसून स्वतःला शिव्या घालत होती. काय गरज होती एवढं खरं बोलायची? तेवढ्यात दार उघडलं आणि शिवराज येऊन शेजारी बसला.

"काय झालं? बोल ना!"

"तोंडच उघडेना माझं. चाचा म्हणाले, डॉक्टर, ध्यान किधर है? मग सांगून टाकलं खरं ते. म्हणलं, बाहेर एकजण बसलीय, तिला उत्तर द्यायचं राहिलंय. पण थांबल ती. आधी तुमचं सांगा चाचा, काय होतंय?"

"मग?"

"मग ते बोलत सुटले अन् मी ऐकत बसलो. फॉर्मबिर्म विसरूनच गेलो."

"मैं पास कर दिया इसकू!" चाचांनी दारातून मान बाहेर काढली. "अब इसका जवाब सुन ले, बेटी. अंदर सब कान लगाके बैठे हैं."

शिवराजनं सरळ तिच्याकडं बघितलं. "आवडतीस तू मला," तो म्हणाला. "लई."

अपेक्षाचे डोळे या वेळी खरेखुरे भरून आले. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"मी थांबीन म्हणून सांगितलंस चाचांना. कशावरून रे?"

"थांबलीस की."

आतून राहत मॅडमचा आवाज आला. "अपेक्षा! पुढचे डॉक्टर आलेत. त्यांना तरी ओळखत नाहीस ना?"

"नाही मॅडम, एकच आहे!" ती तिथूनच ओरडली. हात मात्र तिनं इतक्यात सोडला नाही.