वास घ्या, दाजी

मोबाइल खाली ठेवा, आणि मधे कोणी फिदीफिदी हसलं तर मी उठून जाईन. भुताच्या गोष्टी मला रचता येत नाहीत. ही आमच्या कंपाउंडरची गोष्ट आहे. रोज संध्याकाळी माझ्याशी बुद्धिबळात हरतो, तोच. त्याने ती मला एकदाच सांगितली, तीसुद्धा माझ्याकडे न बघता.

गेल्या वर्षीची नोव्हेंबरची अठरा तारीख, मंगळवार. रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी तो दवाखान्याची किल्ली घेऊन घरातून निघाला. सोळा वर्षांच्या लेकीचं पोट दुखत होतं. सहा महिन्यांतली ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा त्याने "परीक्षा आली की हिच्या पोटात गोळा येतो" म्हणत तिची थट्टा केली होती आणि गोळी देऊन झोपवलं होतं.

"अहो, ती गुडघे पोटाशी धरून पुढे वाकून बसलीय," बायको म्हणाली. "आडवंसुद्धा होववत नाही तिला."

"गॅस असेल. इंजेक्शन घेऊन येतो."

डॉक्टर बाहेरगावी गेले होते. दवाखाना दोन गल्ल्या सोडून. गुडघे पोटाशी धरून, पुढे वाकून... असं बसलेलं माणूस त्याने आधी पाहिलं होतं. ते आठवू नये म्हणून तो भराभर चालत राहिला.

ते माणूस म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणायचे. चार-सहा महिन्यांनी त्याचं पोट असं उसळायचं की भर रस्त्यात बसकण मारायचा. स्वादुपिंडाला सूज, असं निदान झालं. आता तरण्या पुरुषाच्या स्वादुपिंडाला सूज म्हटली की लोक पुढचं विचारतच नाहीत. पहिल्याच केसपेपरवर कंपाउंडरने आपल्या हाताने लिहून टाकलं, 'दारू पितो'. विचारलंही नाही. पुढे प्रत्येक कागदावर तेच उतरत गेलं.

पेंटर दारूच्या थेंबालाही शिवत नव्हता. कळवळत यायचा, कंपाउंडरच्या नाकाजवळ तोंड न्यायचा आणि म्हणायचा, "वास घ्या, दाजी." रंगाच्या वासाने मळमळतं म्हणून त्याच्या तोंडात कायम लवंग असायची. कंपाउंडर बाकड्यावरच्या लोकांना डोळा मारायचा. "लवंग कशासाठी चघळतात ते आम्हालाही कळतं, पेंटर!" सगळा दवाखाना हसायचा. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या वेळी तो असाच रात्री आला. काचेच्या दाराला आतून कडी होती. कंपाउंडर आवराआवर करत होता. "उतरली की सकाळी ये," तो आतूनच ओरडला. पेंटरने काचेला तोंड लावून श्वास सोडला. काच धुरकटली. "वास घ्या, दाजी..." मग दाराच्या फटीतून एक पाकीट आत सरकवून तो निघून गेला. सकाळी स्टँडवरच्या बाकावर सापडला, दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात संपला. दारूने गेला, असं लोक म्हणाले. सख्ख्या बहिणीलाही तेच खरं वाटलं. लाजेपायी तिने भावाचा फोटोसुद्धा भिंतीवर लावला नाही.

कंपाउंडरने पाकीट उघडलं ते चौथ्या दिवशी. पेंटर एकटाच शहरात जाऊन तपासून आला होता. तिथल्या डॉक्टरांनी साध्या भाषेत लिहिलं होतं. दोष जन्मजात आहे. स्वादुपिंडाच्या दोन नळ्या आईच्या पोटातच एकमेकींना जुळायला हव्यात, याच्या जुळल्या नाहीत. मग जवळजवळ सगळा पाचक रस नळीच्या छोट्याच तोंडातून बाहेर पडतो, तुंबतो आणि सूज येते. असं पुष्कळांना असतं, त्रास मात्र फार थोड्यांना होतो. उपाय आहे. घशातून दुर्बीण घालून ते छोटं तोंड मोठं करायचं. त्यासाठी अकरा दिवसांनंतरची तारीखही दिली होती. आणि खाली, दोनदा अधोरेखित केलेलं... मद्यपान नाही.

त्याने पाकीट दवाखान्यातल्या खालच्या खणात, कापसाच्या गुंडाळ्यांमागे ठेवलं आणि कुलूप लावलं. बायकोला ना दाराचं सांगितलं, ना पाकिटाचं. अडीच वर्षं. "सांगायची लाज वाटायची," तो मला म्हणाला, "आणि न सांगितल्याची त्याहून जास्त."

तर त्या मंगळवारी. त्याने दार उघडलं, दिवा लावला, सवयीने कडी घातली. कपाटातून इंजेक्शन काढलं. वळला.

काचेवर एक धुरकट ठिपका होता. तोंडाच्या उंचीवर.

बाहेर कोणी नव्हतं. त्याने बाहीने काच पुसली. ठिपका तसाच. बाहेरून असेल... दार उघडलं, बाहेरून पुसली, परत आत आला. तसाच.

मग तो ठिपका मोठा झाला. लहान झाला. पुन्हा मोठा.

लवंगेचा वास आला.

मागे खण सरकल्याचा आवाज झाला. त्याने वळून पाहिलं नाही.

"पेंटर... चुकलं रे माझं."

काही नाही. रस्त्यावर कुत्रंही नाही.

आणि मग कानाशी. अगदी कानाशी.

"दाजी... आता पोरीच्या तोंडाचा पण वास घेणार?"

हातातलं इंजेक्शन खाली पडून फुटलं. खण उघडा होता. खणाची किल्ली त्याच्या खिशातच होती. पाकीट कापसाच्या वर ठेवलेलं होतं.

तो धावत घरी आला. पाकीट बायकोच्या हातात दिलं. "आधी अॅम्ब्युलन्स. वाटेत हे वाच. मग मला काय म्हणायचं ते म्हण."

तिने ते गाडीतल्या दिव्याखाली वाचलं. दोनदा वाचलं.

"हे त्याने कधी दिलं?"

त्याने सगळं सांगितलं.

"तुम्ही दार उघडलं नाही?"

"नाही."

ती कागदाची घडी घालून पुढे सरकली. लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि नेमक्या तपासण्या केल्या. लेकीचंही तेच निघालं. "एका घरात दोघांना हे क्वचित दिसतं," ते म्हणाले, "पण दिसतं. कागद नसता तर आम्हीही वर्षभर चाचपडलो असतो." सूज उतरल्यावर, पाच आठवड्यांनी, दुर्बिणीने ते तोंड मोठं केलं. आता पोरगी सायकलवरून हुंदडत असते, तुम्ही पाहताच.

ठिपका मात्र गेला नाही. दवाखान्याच्या डॉक्टरांनी दाराची काच बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या काचेवर तो हजर, त्याच जागी.

लेकीला घरी आणल्यावर एका भर दुपारी कंपाउंडरची बायको दवाखान्यात आली. अॅम्ब्युलन्सपासून ती नवऱ्याशी बोलली नव्हती. बाकडं भरलेलं होतं. मीही होतो तिथे. ती आत आलीच नाही. दाराशी थांबली, डोळे मिटले आणि काचेला नाक लावलं. बराच वेळ तशीच उभी होती. मग आमच्याकडे वळली.

"लवंग आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दारू नाही."

कोणी मान वर केली नाही. कंपाउंडरनेही नाही, मीही नाही. त्या संध्याकाळी तिने भावाचा फोटो भिंतीवर लावला.

घरी जाताना बघा हवं तर, दवाखाना वाटेतच आहे. लांबून काही दिसायचं नाही. जवळ जावं लागतं.