दोन माथ्यांची टेकडी

बसा निवांत. दिवा असू दे, मला हल्ली उजेड लागतो.

माझं काम तसं बसून करायचं. विमानातून जमिनीवर लेझरचे किरण सोडतात, ते जिथे आपटतात तिथे संगणकावर एकेक ठिपका उमटतो. झाडं, गवत, उडते पक्षी यांचे ठिपके पुसायचे आणि उरलेल्या जमिनीतली सगळ्यात उंच जागा शोधायची. तोच टेकडीचा खरा माथा. जुन्या नकाशांनी कित्येक टेकड्यांचा माथा भलत्याच जागी दाखवलाय, तो आम्ही दुरुस्त करतो. यात धोक्याचं काही नाही, असं मीच बहिणीला सांगायचो.

त्या टेकडीला दोन माथे होते, साठ पावलांच्या अंतरावर. नकाशा म्हणायचा पश्चिमेचा उंच. लेझर म्हणालं पूर्वेचा, एकवीस सेंटिमीटरनं. एवढ्याशा फरकावर सही करायला आमचे साहेब तयार होईनात, म्हणून प्रत्यक्ष जाऊन मोजायचं ठरलं. सोबत भाऊजी, माझ्या बहिणीचे यजमान. आमच्याच ऑफिसात बावीस वर्षं मापाची पट्टी धरणारा माणूस. मला नोकरीला चिकटवलं तेही त्यांनीच.

"खुर्चीतले साहेब आज पायी," चढताना ते म्हणाले. "दम लागला तर सांग, उचलून नेतो. फक्त घरी बोलू नकोस, तुझी बहीण माझी कामं वाढवेल."

सकाळचे अकरा वाजले होते. आभाळ खाली आलं होतं, पण सगळं दिसत होतं. मी पश्चिमेच्या माथ्यावर स्टँड रोवून दुर्बीण बसवली, तिच्या पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणून ती समतल केली. भाऊजींनी चार मीटरची पट्टी आधी माझ्यापाशी धरली, मग ते पूर्वेच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले. दुर्बिणीतली आडवी रेघ पट्टीच्या ज्या आकड्यावर पडते तो लिहायचा. आकडा लहान आला तर पट्टीखालची जमीन उंच, मोठा आला तर खोल. माझ्याकडे एक मीटर बासष्ट, त्यांच्याकडे एक एक्केचाळीस. बरोब्बर एकवीसचा फरक. लेझर जिंकलं म्हणून मी खूश झालो.

प्रत्येक आकडा तीनदा घ्यायचा, असा आमचा नियम. दुसऱ्यांदा डोळा लावला तर त्यांच्याकडे एक अठ्ठावन्न.

मी वॉकी-टॉकी उचलला. "भाऊजी, पट्टी सरळ धरा."

"सरळच आहे. बावीस वर्षांत कधी वाकडी धरली का?"

तिसऱ्यांदा एक नव्वद. वारा एकदम पडला होता. गवताचं पातं हलत नव्हतं आणि कुठूनतरी नुकत्याच फोडलेल्या दगडाचा वास येत होता. मी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. एकेक आकडा रेघेखाली बुडत होता, अगदी सावकाश. दोन मीटर. अडीच. ती जमीन खचत होती, भाऊजींना घेऊन.

"भाऊजी, तुमच्या पायाखाली काय होतंय?"

"काही नाही. घट्ट आहे इथे." मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "तू... तू का उंच व्हायला लागलायस रे?"

आता हे नीट ऐका. ती दुर्बीण फक्त फरक सांगते. कोण हललं ते सांगत नाही. मी पायांकडे पाहिलं, माझी जमीन जिथल्या तिथे होती. त्यांनाही त्यांची जमीन जिथल्या तिथेच वाटत होती. दोघांपैकी एकजण चुकत होता आणि मला वाटलं, ते चुकतायत. यंत्र माझ्यापाशी होतं ना, मीच शहाणा.

"पट्टी टाका," मी म्हणालो. "माझ्याकडे या. लगेच."

"अरे, पण इथे तर..."

"भाऊजी, ऐका माझं."

त्यांनी ऐकलं.

ते निघाले आणि ढग उतरला. पुढे केलेला हात दिसेना. पावलं तेवढी ऐकू येत होती. दोन माथ्यांमध्ये जेमतेम गुडघाभर उतार. एका मिनिटाची वाट. पण आवाज खूप खालून येत होता. दगड घरंगळत होते. वॉकी-टॉकीत त्यांची धाप ऐकू येत होती.

"चढ फार आहे रे..."

"चढ कुठला? सपाट आहे."

"अजून... अजून किती वर?"

मी "इकडे, इकडे" म्हणत राहिलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पावलं जवळ आली, अगदी शेजारी आली. मी हात पसरले. हाताला काही लागलं नाही. मग ती पावलं माझ्या खांद्याच्या उंचीवरून गेली... मग डोक्यावरून. मानेवर थोडी माती पडली. मी डोळे मिटून खाली बसलो. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो.

ढग सरला तेव्हा टेकडी होती तशी. पूर्वेच्या माथ्यावर पट्टी आडवी पडली होती, माणूस नव्हता. आठ दिवस शोध चालला. ते कुठेतरी घसरले असतील, असं मी बहिणीला सांगितलं. खरं कुठल्या तोंडानं सांगणार? हलत होतो तो मी. घट्ट जमिनीवरच्या माणसाला मी तिथून उठवलं. नंतर टेकडीनं मला गुपचूप खाली आणून ठेवलं असावं; त्यांना ते कुणी कळवलंच नाही, ते चढतच राहिले.

दर तीन महिन्यांनी विमान त्या भागावरून जातं. पहिल्या फाइलमध्ये पश्चिमेच्या माथ्यावर हवेत ठिपके दिसले. डावा, उजवा, डावा, उजवा, जिना चढावा तसे. असले ठिपके पक्षी समजून पुसायचे असतात. मी पुसले नाहीत. दुसऱ्या फाइलमध्ये ते दोनशे मीटर उंचीवर पोचले होते. तिसऱ्या फाइलमध्ये पावलं आखूड झाली होती. थकलेत.

परवा चौथी फाइल आली. शेवटचे दोन ठिपके शेजारी शेजारी आहेत, पाय जुळवून उभं राहावं तसे. ते थांबलेत. मी सांगितल्याशिवाय ते परत फिरणार नाहीत, आणि 'खाली या' म्हणायला मला त्याच माथ्यावर उभं राहायला हवं. बहीण रोज विचारते, काही कळलं का. मी नाही म्हणतो. माझी हिंमत होत नाही.

आणि अजून एक... कुणाला बोललो नाही. किरण वरून येतो. माणूस उभा असेल तर तो आधी डोक्यावर पडतो, मग खांद्यांवर. त्या फाइलमध्ये फक्त तळवे आहेत, त्यांच्या वर काहीच नाही.