बोट ठेवा

एकनाथच्या टेबलावरचा संगणक साधाच होता. बोट लावलं तर त्याच्या काचेला काही कळत नसे. पण बोईसरच्या त्या लहानशा कंपनीत कारखान्यांच्या टच पॅनेलचं सॉफ्टवेअर तो त्यावरच तपासत असे. त्यासाठी त्याने एक प्रोग्राम लिहिला होता. तो संगणकाला खोटेच निरोप धाडी: बोट टेकलं, सरकलं, उचललं. प्रत्येक खोट्या बोटाच्या जागी पडद्यावर वाटोळा ठिपका उमटे.

त्याची बायको जमना जवळच्या दांडी गावातल्या कोळीवाड्यातली. उभा जन्म मिठात, बोंबील वाळवण्यात गेलेला; बोटं झिजून गुळगुळीत झालेली. रेशनच्या दुकानातलं यंत्र पुन्हा पुन्हा ‘बोट ठेवा’ म्हणे आणि ती त्याला सुनावी, “मेल्या, ठेवलंय ना. आता काय कापून देऊ?” मोबाइललाही तिचं बोट कळत नसे. मग ती बोट मुडपून, दार ठोठावल्यासारखी पेराने दोनदा टकटक करी.

“तुमी तरी माजं बोट ओळकनारी काच करा,” ती म्हणायची. करू, करू म्हणता मागच्या थंडीत ती गेली.

मंगळवारी दुपारी एकनाथने एक बोट धाडलं आणि पडद्यावर दोन ठिपके आले. दुसरा आडवा, लांबट. दोनदा उमटला नि मिटला.

आपलंच काही चुकलं असणार, असं त्याला नेहमीच वाटे. त्याने सगळं पुन्हा वाचलं. चूक सापडेना. पुन्हा एक बोट धाडलं, आपला ठिपका कोपऱ्यात नेला. आडवा ठिपका मागोमाग आला आणि शेजारी थांबला.

एकनाथ जेवायला उठला नाही.

शेजारच्या टेबलावरून दीपालीने ते पाहिलं. “काका, उद्या हे प्रेस मशीनवर चढणार. नसत्या स्पर्शाने प्रेस खाली आला तर कुणाचा तरी हात जाईल. खोटा असेल तो काढून टाका.”

तिचं खरं होतं. तो बराच वेळ काचेवर तळवा टेकून बसला. मग त्याने एक ओळ लिहिली: खोटा स्पर्श मानू नये.

प्रोग्राम चालवला.

वाटोळा ठिपका उमटलाच नाही.

आडवा उमटला. दोनदा.

अजून जमलेलं नाही, उद्या देऊ नका, एवढंच त्याने दीपालीला सांगितलं. निघताना दाराजवळच्या हजेरीच्या यंत्रावर त्याने अंगठा ठेवला; सकाळी यंत्राने तो लगेच ओळखला होता. पुसून पुन्हा ठेवला. मग एकेक करून सगळी बोटं.

यंत्र म्हणत राहिलं, ‘बोट ठेवा.’