टेबलाखालचा पाय

त्या रविवारी दुपारी मला फक्त एक फोन करायचा होता. ईझेओच्या तळ्याकाठी सिन्योरा बिबियानाचं घरगुती हॉटेल आहे, तिथे. "यंदा मी येत नाही. सात नंबरची खोली दुसऱ्या कुणाला द्या." बोलायचं होतं ते एवढंच. ते बोलायला मी जेवण झाल्यापासून तीनदा फोनपाशी गेले होते आणि तीनदा पुसलेली भांडी पुन्हा पुसायला परत आले होते.

तुम्ही म्हणाल, एका फोनचं एवढं काय. सांगते. बसा अशा, दिव्याच्या उजेडात. फक्त त्या खिडकीकडच्या खुर्चीवर बसू नका.

एकोणीस वर्षं आम्ही चौघी जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या तळ्यावर जात होतो. चौघी एकाच कापड गिरणीतल्या. देल्फीना गिरणीत मुकादम होती आणि निवृत्त झाल्यावरही तिने ते पद काही सोडलं नाही. झीताचे कान तीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेले, पण नाक असं तिखट की खालच्या मजल्यावर कुणी काय शिजवलंय ते ती जिन्यात सांगते. तिसरी मी, पाल्मीरा. आणि चौथी इनेस, माझी भिडू.

भिडू म्हणजे पत्त्यांतली. आम्ही ब्रिस्कोला खेळतो, दोघी विरुद्ध दोघी. या खेळात भिडूला तोंडाने इशारे करायची मुभाच असते. ओठ मुडपला की एक्का, तोंड वाकडं केलं की तिर्री, म्हणजे या खेळात एक्क्याखालोखाल किमतीचं पान. ते सगळ्या जगाला ठाऊक असतं. पण इनेसचा आणि माझा एक निराळा इशारा होता, टेबलाखालचा. तिने माझ्या पावलावर पाय एकदा दाबला की 'एक्का माझ्याकडे आहे, बिनधास्त टाक'. दोनदा दाबला की 'हे पान टाकू नको'. ही लबाडी आम्ही चाळीस वर्षं केली आणि त्याबद्दल मला काडीचीही लाज वाटत नाही. कुणाला आम्ही ते कळू दिलं नाही. मी हट्टी आहे. तिचा दोनदाचा इशारा मोडून मी आयुष्यात तीन वेळा पान टाकलं होतं आणि तिन्ही डाव गेले होते. मग ती दिवसभर माझ्याशी बोलायची नाही, नुसती ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या चघळत बसायची. त्या गोळ्यांचा वास तिच्या कपड्यांना, पिशवीला, उशीलासुद्धा यायचा.

सात नंबरची खोली तिची आणि माझी. खिडकीतून समोर पाण्यात मोंते इझोला दिसतं, अख्खा डोंगरच पाण्यातून वर आल्यासारखं बेट. इनेसची आई त्या बेटावरची. मासेमारीची जाळी विणायची. इनेस चार वर्षांची असताना ते घर सुटलं. तिला फक्त दाराचा हिरवा रंग आठवत होता. नावेने दहा मिनिटांचा रस्ता, पण मी कधी नावेत बसले नाही. सात वर्षांची असताना गिरणीच्या कालव्यात पडले होते, तेव्हापासून मला पाण्याची धास्ती आहे. आणि ती माझ्याशिवाय जायची नाही. "एकटी जाऊन तिथे भांडू कुणाशी?" म्हणायची. अशी एकोणीस वर्षं तिने खिडकीतून ते बेट पाहिलं.

फेब्रुवारीत ती गेली. आदल्या दिवशी मी हॉस्पिटलात तिच्या पायथ्याशी बसले होते. ती म्हणाली, "यंदा नावेत बसशील ना?"

"बसेन की!" मी म्हटलं. डॉक्टरांनी मला बाहेर सांगितलं होतं, ती काही जून बघत नाही. मी तिच्या तोंडावर खोटं बोलले. पांघरुणाखालून तिचं पाऊल माझ्या हाताला लागलं. एकदा… दोनदा. तिला कळलं होतं.

म्हणून मला त्या तळ्यावर जायचं नव्हतं. त्या खिडकीत बसून ते बेट बघायची माझी हिंमत नव्हती.

चौथ्यांदा फोनपाशी गेले, तेवढ्यात दारावर थापा पडल्या. देल्फीना बेल वाजवत नाही, दार बडवते.

"अगं उघड! सहलीचं ठरवायचं सोडून झोपलीस की काय?"

देल्फीनाच्या हातात सफरचंदाचा केक होता. मागे धापा टाकणारी झीता, आणि तिच्याही मागे एक अनोळखी, एवढीशी बाई.

"ही एर्सीलिया, माझी भावजय. भाऊ गेल्यापासून घरात कुढत असते. यंदा चौथी ही!"

"मला पत्ते येत नाहीत हो," एर्सीलिया दारातूनच म्हणाली. "मी आधीच सांगून ठेवते."

"कुणाला येतात? ही झीता तीस वर्षं खेळतेय, तिला तरी कुठे येतात?"

"हो, कॉफी चालेल," झीता म्हणाली.

मी कॉफी चढवली. डोंगरावरून ढग खाली उतरले होते. दुपारचे अडीच वाजलेले, तरी स्वयंपाकघर इतकं काळोखलं की टेबलावरचा टांगता दिवा लावावा लागला. उजेड फक्त टेबलापुरता पडला. खाली आमचे पाय अंधारात.

देल्फीनाने एर्सीलियाला माझी भिडू म्हणून माझ्या समोर बसवलं, खिडकीकडच्या खुर्चीवर. इनेसच्या. मला ते मुळीच आवडलं नाही, पण बोलू काय? ती बाई इतकी बुटकी की खुर्चीवर बसल्यावर तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते. देल्फीनाने वाटलेले पत्ते तिने जपमाळेसारखे दोन्ही हातांत घट्ट धरले होते.

"डाव खेळता खेळता ठरवू," देल्फीना म्हणाली. आमच्या पत्त्यांचे रंग तलवारी, चषक असे असतात; हुकूम तलवारीचा निघाला. "गाडी साडेआठची. बरोबर उकडलेली अंडी, सलामीच्या मांसाचे काप, आणि गेल्या वर्षीसारखं ते वास मारणारं चीज आणायचं नाही, झीता, अख्खा डबा रिकामा झाला होता."

"म्हणूनच आणलं होतं. बसायला जागा मिळाली ना?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. उतारी माझी होती. माझ्या हातात जपून ठेवावी अशी एकच किमती गोष्ट होती, चषकांची तिर्री. ती मागे ठेवून मी एक फालतू पान उचललं. आणि माझ्या उजव्या पावलावर काहीतरी दाबलं गेलं.

एकदा.

मला वाटलं, झीताचा पाय लागला असेल. पण झीता माझ्या डाव्या हाताला होती आणि तिचे दोन्ही पाय शेगडीपाशी शेकत होते. माझा हात आपोआप फिरला. फालतू पान राहिलं आणि तिर्री टेबलावर पडली. देल्फीनाने टाळी वाजवून तिच्यावर हुकमाचा राजा मारला. "गेली तिर्री!" ती ओरडली. एर्सीलियाने छताकडे बघत हुकमाचा एक्का खाली ठेवला.

"हे बरोबर टाकलं का हो?"

"मेली, तू तर म्हणत होतीस येत नाही म्हणून!"

"खरंच येत नाही…"

आपल्या हातातला एक्का किती मोठा ते एर्सीलियालासुद्धा कळलं नव्हतं. मग मला कुणी सांगितलं?

"तर आता खोल्या," देल्फीना म्हणाली. "मी आणि झीता नेहमीच्या पाच नंबरात. एर्सीलिया तुझ्याकडे सात नंबरात, इनेसच्या पलंगावर."

पुन्हा पायावर दाब आला. एकदा, दोनदा. या वेळी इतका जोरात की अंगठा दुखला.

"नको…" माझ्या तोंडून निघालं. "तिला तुमच्यात घ्या. बिबियाना तिसरी खाट टाकते."

"का गं? एकटी दोन पलंगांवर लोळणार?"

"मी…" मनात धरलेलं बोलून टाकायचं मी ठरवलं. "मी यंदा येतच नाहीये."

देल्फीनाने पत्ते टेबलावर पालथे ठेवले. आणि टेबलाखाली माझ्या पावलावर… एकदा… दोनदा…

मी मुद्दाम एक पान खाली पाडलं आणि ते घ्यायला वाकले. डोळे अंधाराला सरावायला जरा वेळ लागला. एर्सीलियाचे करड्या मोज्यांतले पाय हवेत शांत लोंबकळत होते. देल्फीनाचे खुर्चीच्या आडव्या दांडीवर, झीताचे शेगडीकडे. माझ्या जवळ कुणीच नव्हतं. पण माझ्या उजव्या पायातली लोकरीची सपात पुढच्या बाजूला दबलेली होती, टाच रोवावी तशी. मी बघत असताना ती लोकर हळूहळू… अगदी हळूहळू… वर आली. जणू कुणीतरी पाय उचलून घेतला.

वर झीता म्हणत होती, "ज्येष्ठमधाची गोळी कुणी काढली? एकटीने खाऊ नका, मला द्या."

"कुणीच नाही काढली," देल्फीना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच एवढा खाली गेलेला मी ऐकला. "पण… वास मलाही येतोय."

मी वर आले आणि टेबलाची कड धरून बसले. भीती वाटली का? वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्या भीतीच्या पोटात मला असा आनंद झाला होता की रडू येईल की हसू, ते कळेना. चाळीस वर्षांची माझी भिडू. मरूनसुद्धा हिचा लबाडीचा स्वभाव काही गेला नाही!

"बरं बाई," मी पुटपुटले. "…नावेत?"

एकदा. हळूच.

"काय म्हणालीस?" देल्फीनाने विचारलं.

"म्हटलं, यंदा आपण नावेने बेटावर जायचं. मीसुद्धा."

देल्फीनाचा केकचा तुकडा हातातच राहिला. झीताने विचारलं, "काय म्हणते ही?" देल्फीना तिच्या कानात ओरडली, "नावेत बसते म्हणते!"

"मग आधी पाद्रीबाबांना बोलवा," झीता म्हणाली.

डाव संपायच्या आधीच मी उठून फोन लावला. "बिबियानाबाई, आम्ही येतोय. सात नंबर नेहमीसारखाच."

"दोन पलंग?"

"दोन."

"बरं. इनेसबाईंचं कानावर आलं, वाईट वाटलं," ती म्हणाली आणि मग जरा थांबली. "तिकडे हसतंय कोण? अगदी फोनजवळ?"

मी मागे वळून पाहिलं. तिघी टेबलापाशी गुपचूप बसून माझ्याकडे बघत होत्या.

जूनमध्ये मी नावेत बसले. नाव कशी होती, तळं कसं होतं, मला विचारू नका. मी डोळे मिटून देल्फीनाचा दंड धरला होता, तिला आठ दिवस वळ होता. नाव धक्क्यावरून सुटली आणि पाणी तळाला थपथप वाजायला लागलं, तेव्हा मी ओरडून उतरणार होते. तेवढ्यात बुटावर एकदा दाब आला. बिनधास्त टाक. मग मी डोळे उघडले.

हिरवं दार सापडलं. रंग बराच उडाला होता. मी दारावर हात ठेवून म्हटलं, "घे, आले. आता कुणाशी भांडायचंय ते भांड." मग धक्क्यावर बसून आम्ही चौघींनी आइस्क्रीम खाल्लं. एर्सीलिया सांगत होती की नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच एवढी हसली.

बिबियानाकडे एक पद्धत आहे. जेवताना मांडीवर घ्यायचा कापडी रुमाल प्रत्येकीला आठवड्यासाठी एकच. जेवण झालं की तो घडी घालून आपापल्या नावाच्या पाकिटात ठेवायचा. एकोणीस वर्षांच्या सवयीने तिने इनेसच्या नावाचंही पाकीट माझ्याशेजारी मांडलं होतं आणि ते उचलायला कुणी धजलं नाही. निघायच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मी ते उघडलं. रुमाल चुरगळलेला होता. एका कोपऱ्यावर ओठ पुसल्याचा डाग होता, ज्येष्ठमधाच्या गोळीचा, काळा. मी तो रुमाल ठेवून घेतला. आहे तिकडे कपाटात, हवा तर दाखवते.

तेवढ्यात बिबियाना वही घेऊन आली.

"मग, पुढच्या जूनचं आत्ताच लिहून टाकू ना? पाल्मीराबाई, सात नंबर?"

"वा, विचारता काय!" देल्फीना म्हणाली. "आता तर ही नावाडीणच झालीय."

सगळ्या हसत होत्या. खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि टेबलाखाली माझ्या पावलावर दाब आला.

एकदा.

…दोनदा.

मी थांबले. वाट पाहिली. मग पुन्हा तेच. दोनदा. हळू, अगदी मायेने, हॉस्पिटलातल्या पांघरुणाखालून लागला होता तसा.

"काय झालं गं? चेहरा का पडला?" देल्फीनाने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "लिहा, बिबियानाबाई. सात नंबर. पाल्मीरा."

आता पुन्हा मे संपत आला. बॅग भरून ती बघा, दाराशी ठेवली आहे. तब्येत ठणठणीत आहे, डॉक्टर म्हणतात शंभर वर्षं जगाल. पण तुम्हाला म्हटलं ना, मी हट्टी आहे. तिचा दोनदाचा इशारा मी तीन वेळा मोडला होता. हे चौथं पान.