मामीच्या पत्त्यावरचा इशारा

मामाच्या सायकल दुकानाचं खातं रिकामं झालंय, हे बुधवारी सकाळी कळलं. टायरवाल्याचा फोन आला, "पैसे पोचले नाहीत हो!" मामानं पेमेंटचं ॲप उघडलं. शिल्लक शून्य! शाळेच्या वीस सायकली दुरुस्त करण्यासाठी मिळालेली सगळी आगाऊ रक्कम गेली होती.

सुट्टीला आलेली दोन्ही भाचरं हातातली पंक्चरची ट्यूब टाकून धावली.

"मामा, कुणाला काही सांगितलंस का?" चौकशीनं विचारलं. सारखे प्रश्न विचारते म्हणून मामानंच तिला हे नाव ठेवलं होतं.

"सांगतोय कशाला? काल पेमेंट कंपनीचाच मेल आला. चोवीस तासांत माहिती भरा, नाहीतर खातं बंद! भरली. पासवर्ड, कोड, सगळं."

"सगळं?" तिच्या दादानं कपाळावर हात मारला.

मेल अगदी खराखुरा दिसत होता. तोच रंग, तेच चिन्ह.

"यात खोट शोधायची तरी कुठे?" दादा हताश झाला.

चौकशी मेलकडे बघतच राहिली. "हा दुकानाच्या ईमेल पत्त्यावर आलाय. बाहेरच्या पाटीवर रंगवलाय ना, त्या! पण खातं तर मामीनं तिच्या पत्त्यावर काढलं होतं. कंपनीला दुकानाचा पत्ता ठाऊकच नाही!"

मामा मटकन स्टुलावर बसला. मामी गेल्यापासून तिचा फोन गल्ल्यात असायचा. मामा तो रोज चार्ज करायचा, पण उघडायचा फक्त त्यावर येणारा कोड बघण्यापुरता.

चौकशीनं त्यातले मेल उघडले. सगळ्यात वर कालचा इशारा होता: 'नव्या फोनवरून कुणीतरी खात्यात शिरलंय. तुम्ही नसाल, तर लगेच कळवा.' कुणी वाचलाच नव्हता!

तेवढ्यात दुकानाच्या पत्त्यावर दुसरा मेल आला. "पैसे परत मिळतायत!" मामा ताडकन उठला. "फक्त नवा कोड द्यायचाय."

"थांब!" दादानं फोन हिसकावला. "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तू तर पुन्हा उकळतं दूधच प्यायला निघालास!"

"मग करू तरी काय मी? हे सगळं तीच बघायची रे."

चौकशीनं मेलमधला नंबर सोडून ॲपमधला मदत क्रमांक लावला. वीस मिनिटं नुसतं संगीत वाजलं. शेवटी खातं गोठवलं गेलं.

तक्रार लिहून घेणाऱ्या पोलीसबाई म्हणाल्या, "शाबास! तो कोड दिला असता, तर बँकेतलंही गेलं असतं." मामानं ग्रीस लागलेल्या हातानंच दोघांची पाठ थोपटली.

गेलेले पैसे परत येतील का, हे मात्र बाईंनाही सांगता आलं नाही. शाळा सोमवारी उघडते. सायकलींना टायर अजून बसायचे आहेत.