डाव संपेपर्यंत

जेवायला बसला असाल तर हे नंतर वाचा. थट्टा करत नाही.

ही घडलेली गोष्ट आहे, माझ्या मावसभावाची. मी पदरचं काहीही घातलेलं नाही. उलट दोन-तीन बारीकसारीक गोष्टी गाळल्यात, कारण त्या लिहायला बसलं की मला मळमळतं. असल्या गोष्टी रात्रीच घडतात म्हणतात. ही रविवारी दुपारी अडीच वाजता घडली, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर.

भाऊ दातांच्या कवळ्या बनवतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, हा त्यावरून दात घडवतो. म्हणून घरात सगळे त्याला दात्याच म्हणतात.

दात्याला एकच नाद. टेबलावरच्या लढाया.

एकमेकींत खटकन बसणाऱ्या त्या खेळण्यातल्या विटा असतात ना, त्यांचे तो किल्ले बांधायचा. त्यात अंगठ्याएवढे शिपाई. समोर त्याचा मेव्हणा, लिफ्ट दुरुस्त करणारा. दर रविवारी दोघं फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचे, तोफ लागली की भिंतीतल्या विटा खरोखर उपटायचे. दोन घोडे झालेले पुरुष गुडघे टेकून "आता मेलास" म्हणायचे. वहिनी हसायची, पण तिची एक अट होती.

मुलगी दहा महिन्यांची. नुकतीच रांगायला लागलेली, दिसेल ते तोंडात घालणारी. शिपायाचं मुंडकं वाटाण्याएवढं, जरा ओढलं की निघतं. पोरीच्या घशात अडकायला तेवढं पुरे.

"एक जरी तुकडा जमिनीवर सापडला," वहिनीने बजावलं होतं, "तर सगळं कचऱ्यात. मग माझ्या नावाने खडे फोडत बसू नका."

म्हणून मेलेला शिपाई लगेच स्टीलच्या वाटीत जायचा. दात्या या नियमाला कधी चुकला नाही.

चुकला तो दुसरीकडेच.

मागच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ वारले होते. एकटेच राहायचे. त्यांची भाची शिवणकाम करते. तिने दात्याला बोलावून एक भलामोठा डबा दिला, विटा आणि शिपायांनी गच्च भरलेला.

"मामांना फार शौक होता," एवढंच म्हणाली ती. "घेऊन जा, माझ्या डोळ्यांसमोर नको."

आता बघा, दात्या कामावर कुणाच्याही तोंडातून आलेला ठसा आधी औषधात बुडवतो, मग हात लावतो. पण रविवार तोंडावर आला होता आणि मोठ्या किल्ल्याचे डोहाळे लागलेले. त्याने डबा नळाखाली धरला, दोनदा खळखळवला, झालं.

डब्यातल्या विटांपैकी दोन पातळ पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. नखाने निघेनात.

मग त्याने त्या दातांनी उघडल्या.

जो माणूस दुसऱ्यांना दातांनी बाटलीचं झाकणसुद्धा उघडू देत नाही, तो.

पट्ट्या सुटल्या, आणि आतून काहीतरी... जिभेवर आलं.

कोमट. चिकट. बोटाने पुसायला गेला तर तार सुटली. कित्येक महिने कोरड्या डब्यात पडलेल्या विटेतून. वास तर त्याच्या ओळखीचाच होता. न धुतलेल्या कवळीला येतो तो, शिळ्या तोंडाचा. त्याने पंधरा मिनिटं चुळा भरल्या.

आणि तरी रविवारी तोच किल्ला मांडला. हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते.

त्या दुपारी वहिनी पोरीला आत झोपवत होती. डाव रंगात आला. मेव्हण्याने तटबंदीला खिंडार पाडलं.

तेवढ्यात मेव्हणा थांबला.

"भाऊजी, आवाज येतोय का?"

कट्... कट्...

कठीण गोळी दाढेखाली फिरवल्यासारखा. अगदी जवळून.

"पंखा असेल," दात्या म्हणाला.

मेव्हण्याने वर बघितलं. पंखा बंद होता. त्याच्या वाऱ्याने शिपाई पडतात म्हणून ते तो लावतच नसत.

दात्याने फासे टाकले, मेव्हण्याचा एक शिपाई पडला. दात्या तो वाटीत ठेवायला गेला आणि हात तिथेच राहिला.

वाटीत सहा शिपाई होते.

एकालाही... मुंडकं नव्हतं.

दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. भुताची भीती नव्हती ती, पोरीच्या जिवाची होती. दोघं टेबलाखाली घुसले. गालिचा झटकला, पायपुसणं उलटं केलं. आवाज ऐकून वहिनी बाहेर आली. तिला काही सांगावं लागलं नाही. ती तशीच मागे पळाली आणि झोपलेल्या पोरीच्या तोंडात बोट घालून टाळूपर्यंत फिरवलं. पोर रडली. तोंड स्वच्छ होतं.

"कुठे गेली मग?" वहिनीने विचारलं. "बोला ना."

दात्या पुन्हा टेबलाखाली वाकला.

मेव्हणा त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"भाऊजी... तुम्ही काय चघळताय?"

दात्या म्हणतो, तोवर त्याला काहीच जाणवलं नव्हतं. विचारलं आणि जाणवलं. गाल जड होते. दोन्ही.

तो बेसिनकडे धावला. थुंकला.

डाव्या गालातून चार मुंडकी निघाली, सगळी मेव्हण्याच्या फौजेतली. उजव्या गालातून तीन, त्याची स्वतःची. सातवा शिपाई दात्याच्या हातातच होता. त्याने मूठ उघडून बघितलं, त्याच्याही मानेवर काही नव्हतं. मुंडक्यांबरोबर जी लाळ पडली ती पिवळट, दाट होती, वाहूनही जाईना. मेव्हण्याला तिथेच उलटी झाली.

वहिनीने मग कुणाचं ऐकलं नाही. किल्ला, फौजा, फासे, टेप, बेसिनमधली मुंडकीसुद्धा, सगळं हातमोजे घालून पिशवीत कोंबलं. सोमवारी सकाळी कचऱ्याची गाडी घेऊन गेली.

संध्याकाळी दात्या त्या भाचीकडे गेला आणि झालेलं सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं.

"मामा एकटेच खेळायचे. दोन्ही बाजूंनी," ती म्हणाली. "स्वतःचीच फसवणूक होऊ नये म्हणून मेलेल्याचं मुंडकं काढून गालात ठेवायचे. एका फौजेची डाव्या, दुसरीची उजव्या. डाव संपला की थुंकायचे आणि मोजायचे. मला किळस यायची. मी ओरडायचे. तर तोंड न उघडताच हसायचे."

"गेले तेव्हा?"

"तिसऱ्या दिवशी दार फोडलं. टेबलाशीच बसलेले. डाव अर्धाच झालेला, आणि गाल..." तिने वाक्य सोडून दिलं.

दात्याने विचारायला नको होतं, पण विचारलं. "मग ती मुंडकी कुठे गेली?"

"परत बसवली शिपायांना. चांगली होती, टाकायची कशाला?"

दात्याने रुमालाने ओठ पुसले.

"तुम्ही तुमचा डाव संपवून टाका," ती म्हणाली. "एवढंच करा. अर्धा ठेवू नका."

पण डाव कुठे होता? तो तर सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेला होता.

मंगळवारी सकाळी दात्या दात घासत होता.

टक्... बेसिनमध्ये काहीतरी पडलं.

त्या दिवसापासून रोज एक मुंडकं.

डॉक्टरांनी तोंड तपासलं, फोटो काढले, काही सापडलं नाही. दात्या रोज सकाळी ते कागदात गुंडाळून लांबच्या कचरापेटीत टाकून यायचा. झोपायला बाहेरच्या खोलीत आला. पोरीला कडेवर घ्यायचा, पण तोंड दुसरीकडे वळवून. दीड वर्षं त्याने लेकीचा मुका घेतला नाही. ते आपल्या तोंडातून तिच्या तोंडात गेलं तर, हीच धास्ती. हे सगळं त्याने मला सांगितलं तेव्हा तोंडावर रुमाल धरला होता. माझा भाऊ आहे, पण खरं सांगतो, मी खुर्ची मागे सरकवली.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. आवाज वेगळाच, मोकळा.

"ये जेवायला. तीन दिवस झाले, काही पडलं नाही. संपलं रे बहुतेक."

मी गेलो. वहिनी कित्येक दिवसांनी गुणगुणत होती. दात्या आत ताटं घेत होता. पुतणी माझ्या मांडीवर येऊन बसली. आता बोलायला लागली आहे, चुरूचुरू.

"काका, बाबा तोंडात खाऊ ठेवतात."

मी हसलो. जमेल तसं.

"मला देतच नव्हते. मग बाबा झोपले ना... तेव्हा मीच घेतला."

मी तिचं तोंड उघडलं, बोट घातलं, दोन्ही गालांतून फिरवलं. काही नव्हतं. फक्त बोट बाहेर काढलं तेव्हा त्याला तार सुटली. आणि तो वास.

"गिळलास का?"

तिने मान हलवली. नाही.

"मग कुठे आहे?"

"जातो," ती शहाण्यासारखी म्हणाली. "सकाळी येतो परत. मग मी खिडकीतून टाकते."

तेवढ्यात दात्या बाहेर आला. त्याने तिला माझ्या मांडीवरून उचललं, डोक्यावर नेलं, खाली आणलं आणि दीड वर्षाने तिच्या गालाचा मुका घेतला. मग दुसऱ्या गालाचा. वहिनी दारात उभी राहून डोळे पुसत होती.



मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो.

आज चार दिवस झाले. फोन हातात घेतो, दात्याचं नाव काढतो, परत ठेवून देतो. सांगायला हवं, मला कळतं. पण त्या घरात ती दोघं सध्या इतकी खूश आहेत.