माळावरची मुकी घंटा

"बदली!" मावशी ओरडली आणि सायकल बाजूला घेऊन रांगेच्या शेवटी जायला लागली.

"आत्ताच तर माझी पाळी झाली!" ताई कुरकुरली, पण पुढे आली. वारा फाडकन तिच्या तोंडावर आदळला.

माळ असा सपाट की नजर अडेल असं एक झाडसुद्धा नाही, आणि वारा सकाळपासून समोरून. म्हणून चौघं एकामागे एक चालली होती. पुढच्यानं वारा अंगावर घ्यायचा, मागच्यांनी त्याच्या आडोशाला दम खायचा, पाच मिनिटांनी बदली. मावशी टपाल वाटायची. तिची रोजची सायकल वीस किलोमीटर! सुट्टीतल्या या पाच दिवसांच्या सायकल सहलीचे नियम तीच ठरवत होती.

तेरा वर्षांची ताई आणि दहा वर्षांचा भोंगा ही तिच्या बहिणीची मुलं. भोंग्याचं नाव त्याच्या आवाजावरून पडलेलं. तो घरात कुजबुजला तरी शेजारी दार उघडून बघायचे. तिसरी सुई, मावशीची लेक. अंगानं बारीक, नजरेनं त्याहून बारीक.

आणखी दोनदा बदली झाली. मावशी पुन्हा पुढे होती. समोर रेल्वेचे रूळ दिसायला लागले होते. ते उजव्या हाताला मागून तिरके येऊन रस्ता ओलांडून जात होते. फाटक नव्हतं. नुसता एक खांब, त्यावर घंटा आणि लाल दिवा. गाडी यायची असली की घंटा वाजते, दिवा पेटतो. दोन्ही गप्प होते, म्हणून मावशीनं वेग कमी केला नाही.

तेवढ्यात तिनं सवयीनं मागे पाहिलं. "अरे, भोंगा कुठाय?"

तिघींनी करकचून ब्रेक दाबले. शंभर पावलं मागे भोंगा उकिडवा बसून चेनशी झटापट करत होता. तिघी सायकली ढकलत त्याच्याकडे गेल्या.

"किती ओरडलो मी!" तो लालबुंद झाला होता. "घसा बसला माझा!"

"तुझा? घसा?" ताई म्हणाली. "आम्हाला चकार शब्द ऐकू आला नाही!"

"वारा तुझा आवाज मागे नेत होता," सुई म्हणाली. "आमच्यापर्यंत पोचणार कसा?"

तिचं वाक्य पुरं झालं आणि जमीन थरथरली. मागून, उजव्या बाजूनं, एक अख्खी आगगाडी धडधडत त्यांना ओलांडून गेली! इंजिन शेजारी येईपर्यंत कुणाला शिट्टीसुद्धा ऐकू आली नव्हती. डबे रस्त्यावरून खडखडत गेले आणि बघता बघता लहान झाले.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई," सुई हळूच म्हणाली, "घंटा वाजली नाही."

"दिवाही पेटला नाही," ताई म्हणाली. "आपण थांबलो नसतो तर..."

"पुरे!" मावशीनं तिला जवळ ओढलं. "मीही रुळांवर दोन्हीकडे बघायला हवं होतं. घंटेवर विसंबले."

सुई मात्र खांबाकडे धावली होती. खांबाच्या बुडाशी एक लोखंडी पेटी होती. पेटीतून वर जाणाऱ्या वायरचं एक टोक निसटून वाऱ्यावर हेलकावे खात होतं. पेटीच्या दाराला काच, काचेआड एक पत्रक. तारीख, घंटा, दिवा, सही.

"ए, इकडे या! आज तारीख काय?"

"अकरा."

"मग हे बघा! अकरा, घंटा ठीक, दिवा ठीक, सही. बारा, ठीक, ठीक, सही. तेरा, चौदा... पार तीस तारखेपर्यंत सगळं ठीक!"

भोंग्यानं काचेला नाक लावलं. "हा माणूस भविष्य सांगतो की काय?"

"नाही रे. हा माणूस इथे येतच नाही!" ताई चिडून म्हणाली.

मावशीनं पत्रकाचा आणि निसटलेल्या वायरचा फोटो काढला. फोनला रेंज मात्र नव्हती. एकाएकी तिनं कपाळावर हात मारला. "अगं, ती चौथीची मुलं!"

काल रात्री ज्या वसतिगृहात मुक्काम केला, तिथेच एका शाळेची चाळीस मुलंही उतरली होती, सायकलींवर निघालेली. ती तासाभरानं याच रस्त्यानं येणार होती.

"पुढची गाडी कधी, आपल्याला माहीत नाही," मावशी भराभर बोलायला लागली. "स्टेशन सात किलोमीटर पुढे. मी एकटी वाऱ्याशी भांडत गेले तर तास जाईल, आणि इथे मोठं कुणी राहणार नाही. तुम्ही तिघं आळीपाळीनं गेलात तर निम्म्या वेळात पोचाल. हा फोन घ्या. मी रस्ता अडवून उभी राहते. रूळ चालत ओलांडा, दोन्हीकडे बघून!"

"तुझ्याशिवाय?" भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"जमेल तुम्हाला. निघा!"

आणि निघाली तिघं! वारा जणू छातीला हात लावून मागे ढकलत होता. डोळ्यांत धूळ, दातांत कचकच. ताईनं पुढे पाच मिनिटं काढली, मग सुईनं. भोंग्याची पाळी आली तेव्हा ताई म्हणाली, "तू राहू दे, लहान आहेस."

"लहान असेन, पण रुंद आहे!" भोंगा पुढे घुसला. "या माझ्या मागे!" त्यानंही पुरी पाच मिनिटं काढली. बाजूला झाला तेव्हा धापा टाकत होता, पण पठ्ठ्या हसत होता.

पस्तिसाव्या मिनिटाला ती स्टेशनात शिरली.

मास्तरांच्या खोलीत खिडकीची तावदानं खडखडत होती, ती गप्प राहावीत म्हणून फटीत कागदाच्या घड्या कोंबलेल्या. टेबलामागे चष्मेवाले स्टेशनमास्तर, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय पसरून चहा पिणारा एक गृहस्थ. त्याच्या शर्टावर बिल्ला होता, 'सिग्नल तपासनीस'.

"काका! रस्त्यावरची घंटा बंद आहे!" भोंगा गरजला. मास्तरांचं पेन हातातून गळून पडलं.

ताईनं धापा टाकत सगळं सांगितलं. तपासनीस आरामात हसला. "साहेब, पोरं आहेत. गाडी बघून घाबरली असतील. घंटा मी आज सकाळीच तपासलीय."

"बाळांनो, हे बारा वर्षं हेच काम करतात," मास्तर म्हणाले. त्यांना कुणाचं खरं मानावं ते कळेना.

ताई फोन पुढे करणार, तोच सुईनं तिचा हात धरला. तिनं अगदी साळसूद चेहरा केला. "काका, एक विचारू? तीस तारखेला ती घंटा चालू असेल का हो?"

"तीस? ते आज कसं सांगणार? तीस तारीख उजाडू तर दे!"

"पण या काकांना माहीत आहे. त्यांनी तीस तारखेला तपासून सहीसुद्धा केली आहे."

आता ताईनं फोन टेबलावर ठेवला. मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला, फोटो मोठा करून पाहिला. मग मान वर करून तपासनिसाकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला होता. कपातला चहा बशीत सांडत होता.

"साहेब... इतक्या वर्षांत एकदाही बिघडली नव्हती... वारा हा असा... म्हटलं, रोज कुठे..."

"नंतर!" मास्तरांनी पलीकडच्या स्टेशनला फोन लावला होता. "हॅलो! मालगाडी सुटली का?... सुटतेय? थांबवा! हिरवा दिवा काढून घ्या! ड्रायव्हरला लेखी सूचना द्या, क्रॉसिंगवर माणसाच्या चालीनं आणि सतत शिट्टी देत!" फोन ठेवून ते तपासनिसावर कडाडले, "वायरमनला घ्या, लाल झेंडा घ्या आणि निघा! खुलासा संध्याकाळी वरच्या ऑफिसात द्यायचा."

वायरमनच्या मोटारसायकलवर मागे बसून तपासनीस गेला.

"आम्हीपण जातो," ताई म्हणाली. "मावशी एकटी आहे."

येताना जो वारा वैरी होता, तोच आता पाठीवर थाप मारून पळवत होता. पायडल मारायलाही नको! सात किलोमीटर कधी सरले ते कळलंच नाही.

लांबूनच त्यांना मावशी दिसली. सायकल आडवी घालून, दोन्ही हात पसरून ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिच्यापलीकडे चाळीस छोट्या सायकली, चाळीस टोप्या, आणि पुढे त्यांच्या बाई. तेवढ्यात मधे मालगाडी आली, मुंगीच्या पावलांनी, शिट्टीचा सूर लांबवत. इतक्या हळू की एका पोरानं डबे मोजायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी त्याला साथ दिली. "अठ्ठावीस! एकोणतीस!"

शेवटचा डबा गेला तशी तिघं सायकली ढकलत रूळ ओलांडून मावशीकडे धावली. तिनं तिघांना एकदम कवेत घेतलं. तिचे हात गार पडले होते.

"मला एकच धास्ती होती," ती म्हणाली. "तुमचं कुणी ऐकेल की नाही. शाबास रे माझ्या वाघांनो!"

शाळेच्या बाई पुढे आल्या. त्यांनी तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. मग वळून जोरात म्हणाल्या, "मुलांनो, या दोन ताया आणि हा दादा. यांना नीट बघून ठेवा!"

भोंगा आयुष्यात पहिल्यांदा लाजला.

वायरमननं तोवर पेटी उघडून वायर जोडली होती. त्यानं घंटा वाजवून पाहिली. ती एकदा खरखरली, आणि मग असा ठणठणाट सुरू झाला की छोट्यांनी कानांवर हात घेतले. तपासनीस लाल झेंडा धरून रुळांशी उभा होता. घंटा थांबल्यावर चाळीस मुलं सायकली हातात धरून त्याच्यासमोरून एकेक करून पलीकडे गेली. तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता.

शेवटी सुई आली तसा त्यानं झेंडा खाली घेतला.

"पोरी, माझी लेकसुद्धा चौथीत आहे," तो म्हणाला. त्यानं पलीकडे गेलेल्या मुलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू तिथे बोललीस ते बरं केलंस."

सुईनं मान हलवली आणि सायकल रुळांपलीकडे नेली. तिथे मावशी, ताई आणि भोंगा तिची वाट बघत थांबली होती.